धुळाजीनं आणलेलं लुगडं

युसूफ वडगाव, ता. केज
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

रोहे,

मी मेले म्हणं. तुला कळलंच असंल, कारण नाशिकच्या लोकांला तूच सांगितलंस म्हणतेत.

आमाला इकडं काल दुपारी कळलं. मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलते, तर शेजारची पंचशीला म्हणली, येशीकडून रडायचा आवाज येतोय. तिला म्हणलं, बग गं, कोणाच्यात काय झालं. तर धुळाजी. माझा पाठचा भाऊ, बहात्तर वर्षांचा घोडा, पटका सुटलाय आन रडत येतोय. मागं त्याची सून, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. पालीहून हितपर्यंत, तीन गाड्या बदलून. अंगणात आला, मला बगितलं. रडणं लगेच थांबत न्हाई, वेग असतो त्याला. उरलेले दोन हुंदके देऊन झाले, मंग म्हणला, "अक्का, तू हितं काय करतीस?"

मी म्हणलं, "शेंगा सोलते. तू?"

त्याच्या सुनेच्या मोबाईलात तू दिसलीस म्हणं. मोठ्या सभेत बसलेली, अंगावर शाल, आन माझ्या जाण्याचं सांगतीस. धुळाजीनं पुढचं ऐकलंच न्हाई, उठला आन निघाला. एक फोन तरी करावा का न्हाई तानाजीला, तुझ्या बापाला? तर म्हणतो, माणूस मेल्यावर इचारतेत का.

मौतीच्या घरी चूल पेटत न्हाई, सोयऱ्यांनी भाकरी न्यायची असती, हे तू पुण्यात राहून इसरली नसशील. वीस भाकरी आन पिठलं आणलं होतं. वाया कशाला घालायचं. माझ्या मौतीच्या भाकरी मीच खाल्ल्या, दोन. पिठल्यात मीठ कमी.

आन लुगडं. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. चाळीस वर्षांत ह्या भावानं दिवाळीला एक खण आणला न्हाई, आन मेले तर लुगडं घेऊन हजर. पांढरं, बारीक काळ्या काठाचं. नऊवारी म्हणून घेतलंय, मी हातानं मापलं तर आठच वार भरलं. मेलेल्या बाईला कासोटा कुटं घालायचाय, म्हणून दुकानदारानं गंडवलं. धुळाजी म्हणला माघारी नेतो. म्हणलं, मौतीचं लुगडं उंबऱ्याच्या आत आलं, आता ते माघारी जातं का? ठेवलंय ट्रंकेत.

आता एवढंच सांग, मी कशानं मेले? लोकं इचारतेत, आन मला सांगता येत न्हाई.

तुझी
आजी

(ताई, हे मी पंचशीला लिहिते, कंसातलं आजींना वाचून दाखवत नाही. नेहमीसारखा कागदाचा फोटो तुमच्या मोबाईलवर टाकते, कागद पोस्टात. आजींना फोनवर ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. सांगताना हसत होत्या. पण आज सकाळी धुळाजीमामा गेल्यावर ते लुगडं मांडीवर घेऊन लई वेळ बसल्या होत्या. अंगणवाडी सुटल्यावर मी आले तरी तशाच.)


कोल्हापूर
१ डिसेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र सांगलीहून इकडे येताना गाडीत वाचलं. शेजारी प्रकाशकांचा माणूस बसला होता. मी हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, मलाही कळेना. हॉटेलच्या कागदावर लिहितेय, अक्षर वाकडं आहे, पंचशीलाताईंनी सांभाळून घ्यावं.

ऐक, काय झालं ते. कादंबरीत आजी शेवटी जाते. त्यावरून नाशिकच्या सूत्रसंचालकांचा समज झाला की ती तूच आणि तू गेलीस. ते स्टेजवर तसं बोलून गेले. मी दुरुस्त करणार होते, पण कार्यक्रम उशिरा सुरू झालेला, सभागृह नऊला रिकामं करायचं होतं, सह्यांसाठी रांग लागली, आणि राहून गेलं. एवढंच. मामाआजोबांना मी फोन करते. त्यांना उगाच एवढा त्रास.

ह्या महिन्यात अकरा ठिकाणी जायचंय, आजी. आज कोल्हापूर, परवा सोलापूर, मग नागपूर. सकाळी जाग येते तेव्हा आधी छताकडे बघून गाव ओळखावं लागतं. काल सांगलीत कंगवा राहिला, त्याआधी नाशिकला चष्म्याचं घर. जाईन तिथे शाल आणि नारळ देतात. माझ्याकडे नऊ शाली आणि सात नारळ झालेत. नारळ टाकवत नाहीत आणि नेववत नाहीत, बॅगेत गडगडतात. लोक पुस्तकावर सही घेतात आणि "आता पुढचं काय?" असं विचारतात. पुढचं म्हणजे परवाचं सोलापूर, एवढंच मला माहीत असतं.

२८ डिसेंबरला बीडला कार्यक्रम आहे. तिथून घरी नक्की येते. दिवाळीला जमलं नाही, पंचमीला जमलं नाही, माहीत आहे मला. ह्या वेळी नक्की. हुरडा ठेव.

तुझी
रोहिणी


युसूफ वडगाव
गुरुवार, ४ डिसेंबर

रोहे,

पत्र पोचलं. पंचशीलेनं दोनदा वाचलं, एकदा तुझ्यासाठी आन एकदा माझ्यासाठी.

मंग आमी तो नाशिकचा कार्यक्रम लावला तिच्या मोबाईलात, आधीपासून शेवटपर्यंत. मला ऐकू येत न्हाई, ती कानाशी सांगत होती. तो सूत्रसंचालक बाप्या लई बोलतो, पण आजी मेली असं कुटंच बोलत न्हाई. पंचशीलेनं तीनदा माघारी नेऊन बगितलं. बिचाऱ्यावर आळ कशाला घालतीस?

एक बाई उठती मागल्या अंगाला. गुलाबी स्वेटर घातलाय, रडती. काहीतरी इचारती. तू माईक धरून बसलीस. मंग पेला उचलून पाणी प्यालीस. मंग एकच शब्द बोललीस. पंचशीला म्हणाली, "हळूहळू" म्हणल्या ताई.

मला ऐकू येत न्हाई, पण दिसतंय अजून. खोटं बोलायच्या आधी तुला तहान लागती, लहानपणापासून. गुळाची ढेप कोणी पोखरली इचारलं की तू आधी रांजणाकडं जायचीस. पेलाभर पाणी पिऊन यायचीस आन मंग मांजराचं नाव घ्यायचीस. आमच्यात तवा मांजर नव्हतं.

कोण होती ती बाई? तिनं काय इचारलं? पंचशीला सांगत न्हाई. म्हणती, ताईंलाच इचारा.

दुसरं. तानाजी काल बीडला गेलता, तिथून एक कागद घेऊन आला आन माझ्यासमोर टाकून शेतात गेला, जेवला बी न्हाई. तुझा बाप चिडला की जेवत न्हाई, आन मंग रानात बसून कच्चा हुरडा खातो. कागदावर माझा फोटू हाय. बीडच्या कोण्या वाचक मंडळाचं बोलावणं. 'कै. छबुबाई स्मृती संवाद.' कोणी सुंदरराव नावाचे निवृत्त हेडमास्तर हायेत, त्यांनी छापलंय. माझ्या नावानं कार्यक्रम आन मलाच बोलावणं न्हाई.

सूत्रसंचालकानं चूक केली आसंल नाशिकला. फोटू कोणी दिला बीडला? तो फोटू तू काढलेला हाय, बाभळीखाली. माझे डोळे उन्हानं बारीक झालेत त्यात. मेल्यावर एवढा उजेड कशाला?

शाली पाठव. पंचशीलेच्या अंगणवाडीत सकाळची पोरं कुडकुडतेत. नारळ तूच खा.

तुझी
मेलेली आजी


नागपूर
९ डिसेंबर

आजी,

पाणी पिऊन लिहायला बसले होते. पेला बाजूला ठेवला.

त्या बाईंचं नाव विमलबाई. शाळेत शिकवतात. त्यांना आजीनेच वाढवलेलं, आणि ती त्या कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी गेली होती. माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यांनी तिच्या उशाशी बसून वाचलं होतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमची आजी गेली तेव्हा तुम्ही कशा सावरलात, तेवढं सांगा. मला जमत नाहीये." तीनशे माणसं बसलेली. माझी आजी जिवंत आहे, हे मी त्यांना त्या क्षणी कसं सांगणार होते? त्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असतं. मी म्हणाले, हळूहळू. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझे हात धरले. त्यांना बरं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इथे थांबले असते तर माफ करण्यासारखं होतं. पण ते मोबाईलवर सगळीकडे गेलं, आणि पुढच्या गावात तोच प्रश्न आला. आणि पुढच्या. सांगलीपर्यंत मला ते चांगलं येऊ लागलं, आजी. कुठे थांबायचं, कधी पाणी प्यायचं, कोणत्या वाक्याला आवाज खाली आणायचा. सभागृह गप्प होतं. त्या गप्प होण्याची सवय लागते. हॉटेलवर आल्यावर मात्र एका जागी बसवत नाही. टीव्ही लावते, बंद करते, बॅग भरते, पुन्हा उपसते.

सुंदररावांचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या स्टेशनवर होते, गाडी लागलेली. आजींचा फोटो हवा म्हणाले. मी पाठवला. कशाला हवाय ते विचारलं नाही. माहीतच होतं.

आता कार्ड छापलंय, बीडभर वाटलंय. ह्याच महिन्यात खरं सांगितलं तर लोक म्हणतील हिचं दुःख खोटं, मग पुस्तकही खोटं. म्हणून मी ठरवलंय की बीडचा कार्यक्रम रद्द करते, आजारी आहे म्हणून कळवते. महिनाभरात सगळे विसरतील. तोवर तू गावात कोणापाशी काही बोलू नकोस. बाबांनाही सांग.

शाली कुरिअरने पाठवल्या आहेत. अकरा झाल्या.

रोहिणी


युसूफ वडगाव
शनिवार, १३ डिसेंबर

रोहे,

मेलेल्या माणसाला कोणी गप्प बस म्हणतं का? पण बरं. न्हाई बोलत.

रद्द करू नको. मेले मी, आन आजारी तू पडणार, ह्याला काय अर्थ हाय? त्या हेडमास्तरानं माझ्यासाठी सभागृह घेतलंय, खुर्च्या सांगितल्या असतील. माणसाचं नुकसान कशाला करायचं. मी येते बीडला. पंचशीला येती संगं, तानाजी गाडी काढंल. तो न्हाई म्हणतोय, पण काढंल.

मी काय बोलणार न्हाई. मागं बसंन. तू म्हणलीस आजी मेली, तर मेली. माझ्या तोंडून उलटा शब्द निघायचा न्हाई, चहा पिऊन माघारी येईन. तू म्हणलीस आजी जित्ती हाय, तर जित्ती. तुझ्या हातात हाय. लोकं आता तुझंच खरं मानतेत, माझं कोण मानतंय? काल बँकेत गेलते म्हातारपणाच्या पगारीला. तिथल्या पोरीनं यंत्रावर माझा अंगठा तीनदा लावला. म्हणलं, बाई, त्यालाबी कळलं वाटतं.

एक इचारायचंय. पंचशीला मला रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवती. निम्मं मला ठावं हाय, माझंच हाय. म्हशीच्या वेताचं चांगलं लिहिलंस. माझ्या सासूला उगाच चांगली केलीस. पण शेवटचं प्रकरण आलं की हिला अंगणवाडीचं रजिस्टर आठवतं. आठ दिवस झाले, उठून जाती. लोकं जिथं रडतेत तेवढंच मला ऐकू देईना. तूच सांग, कशी मेले मी?

तुझी
आजी

(ताई, मला ते वाचवत नाही. दवाखान्यातलं आहे. गेल्या वर्षी अकरा दिवस आळीपाळीनं मी होते तिथं. तुम्ही लिहिलंय तसं काहीच झालेलं नव्हतं, आणि आजी ते ऐकून काय म्हणतील, ह्याची मला भीती वाटते. त्या हसल्या तरी भीती वाटते.)


पुणे
१८ डिसेंबर

आजी,

दोन दिवस घरी आहे. घर आवरायचं म्हणून सुट्टी घेतली आणि खुर्चीवरून उठले नाही. नीट बसलेही नाही.

सांगते. गेल्या वर्षी श्रावणात तू पडलीस, खुबा मोडला, अंबाजोगाईच्या दवाखान्यात अकरा दिवस होतीस. बाबांनी मला चार फोन केले. मी म्हणाले, ऑफिसातून सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळाली होती, आजी. आठ दिवसांची. मी ती ह्याच टेबलाशी बसून काढली, शेवटचं प्रकरण लिहीत.

बाबांचा पहिला फोन आला तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. पांढरी खाट, खिडकीतून दिसणारा लिंब, तू त्या झाडाकडे बघत गावाकडच्या गोष्टी बोलतेस, नातीचा हात धरतेस आणि सोडून देतेस. दोन वर्षं अडलेली कादंबरी सुटली. मला वाटलं, मी आले तर काही तरी वेगळंच दिसेल आणि हे मोडेल. म्हणून आले नाही. तू मरतेस असं लिहीत बसले आणि तू बरी होऊन घरी गेलीस. मी प्रकरण तसंच ठेवलं. चांगलं झालं होतं म्हणून.

लोक तिथेच रडतात. विमलबाईंनी तेच वाचलं होतं.

म्हणून तू बीडला येऊ नकोस. तू समोर बसलीस तर मला खोटंही बोलता येणार नाही आणि खरंही. मी रद्द करणार नाही, जाईन, कसंतरी निभावेन, आणि रात्री न थांबता घरी येईन तुझ्याकडे. पण तू तिथे नको. एवढं ऐक माझं.

रोहिणी


युसूफ वडगाव
रविवार, २१ डिसेंबर

रोहे,

ऐकलं. पंचशीलेनं न थांबता वाचलं, आन वाचून झाल्यावर चहा ठेवायला गेली, चहा नको असताना.

तुझं प्रकरण बी वाचून घेतलं मंग. चांगलं मेलेय मी. शांत. एवढी शांत मी कधी बसले न्हाई.

आता दवाखान्यातलं माझ्याकडून ऐक. खिडकी माझ्या पाठीकडं होती, लिंब हाय का बाभळ मला ठावं न्हाई. शेजारच्या खाटंवर सावित्रीबाई म्हणून केजकडची बाई होती, तिचा हात मोडलेला. पंख्यावरून तिची माझी रोज भांडणं. तिला गार लागायचं, मला गरम. तिसऱ्या दिवशी कळलं, तिच्याजवळ मिसरीची डबी हाय, उशीच्या खोळीत. मंग पंखा बंद केला मी. नर्सबाई आली की आमी दोघी तोंड मिटून पडायचो. तिला वाटायचं म्हाताऱ्यांचं काय खरं न्हाई. त्या सावित्रीबाईचे तीन नवस, दोन सुना आन एक चोरीला गेलेली शेळी, समदं मला पाठ हाय. तू आली असतीस तर पुस्तक जाड झालं असतं.

एक राहिलं. तानाजी म्हणलता पुण्याची गाडी चारला येती. मी रोज चारला दाराकडं कूस घ्यायचे. ज्या अंगाचा खुबा मोडला त्या अंगावर. नर्स रागवायची. हे पुस्तकात घालू नको.

लुगडं धुतलंय. खळ अजून गेली न्हाई, चाललं की वाजतं. अठ्ठावीसला तेच नेसते. माझ्या मौतीसाठी आणलेलं, दुसरं कुटं नेसू?

तुझी
आजी


युसूफ वडगाव
सोमवार, ५ जानेवारी २०२६

विमलबाईंला,

तुमी मला वळकत न्हाई. वळकताय, पण मेलेली म्हणून. मी रोहिणीची आजी, छबुबाई. मला लिहिता येत न्हाई, आमची पंचशीला लिहिती. मी बोलते तसंच लिही म्हणलंय, तरी ती मधून मधून मला सुधरवती.

ह्या पाकिटात दुसरं पत्र हाय, ते रोहिणीचं. माझ्या ओसरीत बसून तिनं लिहिलं, तीन दिवस लागले. चार कागद फाडले, पाचवा तुमच्याकडं आलाय. वाचायचं का न्हाई, तुमचं तुमी ठरवा. राग आला तर येऊ द्या, तसं लिहून कळवा, पत्ता पाकिटावर हाय. मी सांगते ते बीडचं, कारण तिनं ते दोन ओळींत उरकलंय.

आमी सकाळीच निघालो. मांजरसुंब्याला चहा प्यालो. तानाजी, म्हणजे तिचा बाप, त्यानं गाडी चालवली. सभागृहाच्या दाराशी सुंदरराव हेडमास्तर उभे होते, त्यांनी मला गुलाबाचं फूल दिलं, म्हणले, आजी, पुढं बसा, तिथून नीट ऐकू येईल. मला कुटूनच ऐकू येत न्हाई. तिसऱ्या रांगेत बसले. लुगड्याची खळ वाजत होती तर लोकं वळून बगत होते.

स्टेजवर खुर्चीत माझा फोटू, हार, समई. चांगला दिसत होता. बाजूला रोहिणी. तिनं आत येतानाच मला बगितलं. तिच्या समोर पाण्याचा पेला भरून ठेवलेला. मी त्या पेल्याकडंच बगत बसले.

सुंदरराव बोलले माझ्यावर. पंचशीला कानात सांगत होती. मी एवढी चांगली होते, ते मला तवाच कळलं. मंग ते म्हणले, माउलीच्या स्मृतीला दोन मिनिटं उभं राहूया.

समदे उठले. मी बसून राहिले असते तर बरं दिसलं नसतं, बाई मेली होती कोणाची तरी. मी बी उठले. पंचशीलेच्या खांद्याला धरून. पण हा खुबा मेला मोडका, अर्ध्या मिनिटात पाय थरथरायला लागला, लुगडं वाजायला लागलं. एवढ्या शांततेत तेवढाच आवाज. मला न्हाई ऐकू आला, पंचशीलेनं नंतर सांगितलं. मला दिसलं एवढंच की रोहिणीनं मान वर केली.

तिनं माईक ओढला आन म्हणली, "आजी, खाली बस. तुझ्या पायाला सोसत न्हाई."

शहरातलं बोलणं न्हाई, घरातलं. अंगणातून म्हणावं तसं.

लोकं इकडं तिकडं बगायला लागली, ही कोणाला बोलती म्हणून. फोटूकडं बगितलं, मंग माझ्याकडं. मी म्हणलं, "दोन मिनिटं होऊ दे की."

कोणी हसलं, कोणी न्हाई. सुंदरराव मटकन बसले. मंग ती बोलली, उभ्यानं. तुमच्यापासून सुरुवात केली. तुमचं नाव घेतलं न्हाई, नाशिकच्या एका बाई म्हणली. तुमी खरं दुःख घेऊन आलतात आन तिनं तुमाला त्याच्या बदल्यात खोटं दिलं, असं म्हणली. मंग दवाखान्याचं. चार वाजताचं बी सांगितलं तिनं, मी घालू नको म्हणलेलं. पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. एका बाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं आन पैसे बी न मागता गेली. मी पेला बगत होते. समदं सांगून होईपर्यंत तिनं पाण्याला हात लावला न्हाई.

हेडमास्तर लई नाराज झाले. बरोबर हाय त्यांचं. समई विझवली, हार काढला, आन तो कुटं ठेवावा त्यांना कळेना. म्हणलं, द्या हिकडं. घरी आणला, म्हशीनं खाल्ला.

रोहिणी आठ दिवस झाले हितंच हाय. जानेवारीतले तीन कार्यक्रम त्या लोकांनीच रद्द केले, एक तिनं केला. दोन अजून हायेत, तिथं जाणार हाय, जाऊन हेच सांगणार हाय. तिची बॅग अजून ओसरीतच असती, बसल्या जागी पाय हालवती, मोबाईल उचलती, ठेवती. एकदम बसत न्हाई माणूस. पुस्तक तिनंच वाचून दाखवलं मला, कानाशी मोठ्यानं. शेवटचं प्रकरण आलं तर म्हणलं, ते ठेव. त्याला अजून येळ हाय.

धुळाजी, माझा भाऊ, काल आलता. म्हणतो, अक्का, ते लुगडं आता चालायचं न्हाई, तू नेसलीस. शेवटचं कोरं लागतं, दुसरं आणावं लागंल. म्हणलं, आण, पण ह्या वेळी वार मोजून घे.

तर बाई, आता तुला तू म्हणते, माझ्या नातीच्या बरोबरीची हाईस. तुझी आजी खरंच गेली. लोकांला रोहिणीच्या आजीचं सांगून झालं आन तुझ्या आजीचं कोणी इचारलंच न्हाई. तिला काय आवडायचं, कोणाशी भांडायची, दवाखान्यात होती का घरी. तू सावरलीस का, हे मी इचारत न्हाई. तुला वेळ लागंल, आन लागू दे.

तिच्या अंगावर माहेरचं लुगडं आलतं का? कोणी आणलं, कसल्या काठाचं, तेवढं लिही. पंचशीला वाचून दाखवंल. मी हितंच हाय.

छबुबाई